ओ कोणी दिली?

‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला व्यवसाय बदलताना पडला. नेटवर्कच्या कामात अशी अडचण नव्हती. केबल, स्विच, राउटर हे शब्द तपकीर गल्लीत केव्हाच मराठी झाले आहेत. मी स्वतःपुरता ‘भेदचाचणी’ हा शब्द केला. भेद म्हणजे फोडणे, भेद म्हणजे गुपित, आणि साम-दाम-दंडांच्या पंक्तीतला भेदही तोच. (घरचे मात्र पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ एवढेच सांगतात. असो.)

नेटवर्कच्या माणसाची सारी निष्ठा पोहोचण्यावर असते. इकडून हाक गेली, तिकडून ओ आली, की त्याचे काम झाले. भेदचाचणी करणाऱ्याचा प्रश्न तेथून सुरू होतो: ओ दिली कोणी? स्थानिक जाळ्यात एखादा पत्ता कोणत्या यंत्राचा, हे शोधण्यासाठी एआरपी नावाचा १९८२ सालचा संकेत आजही वापरतात. एक यंत्र सगळ्यांना विचारते, ‘हा पत्ता कोणाचा?’ आणि जो ‘माझा’ म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवते. मूळ संकेतात पडताळणीची सोयच नाही. नेटवर्कच्या वर्गात हे शिकवतात ते जोडणी कशी होते ते कळावे म्हणून; भेदचाचणीत तेच वाचायचे ते विश्वास कोठे टाकला आहे ते शोधण्यासाठी. संहिता एकच, वाचन निराळे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८च्या ऑगस्टमध्ये झालेला हल्ला मी असाच वाचतो. एटीएममधली विनंती बँकेच्या स्विचकडे जाते, तो खात्यांच्या मूळ प्रणालीला विचारतो, आणि होकार आला की नोटा बाहेर पडतात. (हा स्विच म्हणजे केबल खोचायची पेटी नव्हे; व्यवहारांना वाट दाखवणारी ती प्रणाली.) हल्लेखोरांनी मध्ये बनावट स्विच उभा केला आणि तो मूळ प्रणालीला न विचारताच होकार देत राहिला. ११ तारखेच्या शनिवारी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेचे ९४ कोटी! आणि केवळ जोडणीच्या बाजूने पाहिले, तर त्या शनिवारी काही बिघडल्याचे दिसले नसते. प्रत्येक हाकेला ओ मिळत होती.

लिनक्स, थोडे प्रोग्रॅमिंग, वेब अॅप्लिकेशन्सची रचना, हे सारे नव्याने शिकावे लागतेच. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते परवानगीचे पत्र. कोणती यंत्रे, कोणत्या तारखांना, कोठवर, हे त्यात लिहिलेले असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा भरपाईस पात्र ठरणारा अपराध आहे. अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोर आणि आम्ही यांच्यात हत्यारांचा फरक फारसा नाही; फरक त्या कागदाचा आहे.

आणि अखेर लेखन. ओएससीपी या नावाजलेल्या परीक्षेत पावणेचोवीस तास यंत्रे भेदल्यानंतर अहवालासाठी आणखी चोवीस तास देतात. अहवाल नीट नसेल तर गुण जातात. माझ्या पहिल्या अहवालाच्या मसुद्यातली ‘भयंकर’, ‘अत्यंत धोकादायक’ ही विशेषणे वरिष्ठांनी एकेक करून खोडली आणि समासात लिहिले, ‘पायऱ्या द्या. वाचणाऱ्याला स्वतः करून पाहता आले पाहिजे.’