आधी विचारायची परवानगी द्या!



आज विषय जरा वेगळा आहे. सिक्युअर स्कटलबट हे नाव तुम्ही ऐकलंय का? न्यूझीलंडच्या डॉमिनिक टार यांनी २०१४ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. यात मधला मोठा सर्व्हर लागतोच असं नाही. एकाच वाय-फायवरचे दोन संगणक एकमेकांना शोधतात आणि थेट बोलतात. इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणून मला शिक्षिका म्हणून यात रस वाटला.

हा प्रोग्राम आधी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला गेला, नंतर गो, रस्ट अशा भाषांतही. मग समोरच्याला काय काय येतं, हे कसं कळणार? त्यासाठी 'मॅनिफेस्ट' नावाची यादी असते. कोणती कामं सांगता येतील, उत्तर एकदाच येईल की येतच राहील, हे त्यात असतं.

आता खरी अडचण. बाहेरच्याला काय करू द्यायचं, हे प्रत्येक संगणक स्वतः ठरवतो. समजा, एकाने ही यादी दाखवायलाच बंदी घातली. ओळख पटली, जोडणी झाली, तरी यादीवर अवलंबून असलेला दुसरा गप्पच! काय मागावं हेच त्याला कळत नाही.

मग सगळंच खुलं करायचं का? अजिबात नाही. 'पब्लिश' म्हणजे मालकाच्या सहीने नोंद लिहिणं. ते परक्याला दिलं तर तो तुमच्या नावाने लिहील, आणि या व्यवस्थेत लिहिलेली नोंद नंतर बदलता येत नाही. म्हणून उपाय नेमका हवा: मॅनिफेस्ट आणि नोंदी वाचणं खुलं, पब्लिश बंद. त्यानंतर दोन गोष्टी तपासायच्या. यादी मिळते का? आणि पब्लिश मागितल्यावर नकार येतो का? दुसरी तपासणी बऱ्याचदा राहून जाते.

हे वाचताना मला वर्गच आठवतो. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेलं मूल गप्प बसतं आणि आपण त्याला 'अबोल' म्हणून मोकळे होतो. पाणी प्यायला मध्येच उठलं तर चालतं का, गोष्टीचं पुस्तक घरी नेता येतं का, गणित पुन्हा समजावून मागायचं का, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कपाटाची किल्ली बाईंकडेच राहू दे. पण काय काय मागता येतं, एवढं तरी त्याला पहिल्याच दिवशी सांगूया. घरीही हेच करून बघा.