पावणेतीन महिन्यांचा हिशेब

आमचे मामू माजलगाव तालुक्यातले. पन्नास वर्षं विडी ओढली. लघवीतून रक्त जाऊ लागलं, पण दुखत नव्हतं, म्हणून चार महिने कुणाला बोलले नाहीत. कपडे नापाक होतात म्हणून मशिदीत जाणं तेवढं थांबवलं. वजू टिकत नाही अशा माजूर माणसाला शरीअत सवलत देते, हे त्यांना ठाऊक होतं. लाजच मोठी ठरली. न दुखता जाणारं रक्त ही मूत्राशयाच्या कॅन्सरची नेहमीची पहिली खूण. आमच्याकडे त्याला ‘उष्णता’ म्हणतात आणि धन्याचं पाणी देतात.

निदान झालं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिनची केमो सुचवली, आणि परवडत असेल तर सोबत निवोलुमॅब. मामूंनी मला विचारलं, “दोन एकर आहे. विकू का?”

मी वाचायला बसलो. कॅन्सर आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा पीडी-1 नावाचा ब्रेक दाबून धरतो. हे औषध तो सोडवतं. पीडी-1 शोधणाऱ्या होन्जोंना 2018 चं नोबेल मिळालं. केमोसोबत अशी औषधं देण्याचे आधीचे मोठे प्रयोग आयुष्य ठोसपणे वाढवू शकले नव्हते. 2023 मध्ये चेकमेट-901 चे आकडे आले. रुग्ण 608, सगळे सिस्प्लॅटिन झेपेल अशा किडनीचे. नुसत्या केमोवर निम्मे रुग्ण 18.9 महिन्यांपलीकडे जगले, जोडीवर 21.7.

पावणेतीन महिने! एवढ्यासाठी रान विकायचं?

पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा होता. गाठी पूर्ण नाहीशा झालेले केमोवर शंभरात 12, जोडीवर 22. आणि जोडीवरच्या अशा निम्म्या लोकांत हा परिणाम तीन वर्षांहून जास्त टिकला. बहुतेकांना थोडं, थोड्यांना बरंच, असा हा मामला. मला तरी पहिल्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा वाटला.

खर्चाचं काय? आधी केमोसोबत, मग एकट्यानं, हे औषध दोन वर्षांपर्यंत चालतं. टाटा हॉस्पिटलनं तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्शाहून कमी निवोलुमॅब देऊन फायदा दाखवला. ते मूत्राशयाला जसंच्या तसं लावता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या जिल्ह्यासाठी अशीच संशोधनं हवीत.

मामूंनी सगळं ऐकलं.

“म्हणजे शंभरात दहा जास्त. आपण पेरणी याहून कमी भरवशावर करतो.”

एक एकर विकली. दुसरी मामींच्या नावावर करून दिली आणि मग सलाईनला बसले.