मुक्कामाला आलेलं

‘अबायडिंग’ हा इंग्रजी शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा ‘लॉ-अबायडिंग सिटिझन’च्या अंगावर. रात्री रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा, घरपट्टी वेळेत भरणारा तो पापभीरू गृहस्थ. त्यामुळे हाच शब्द पुढे प्रेम, दुःख, ओढ यांच्या शेजारी दिसला की जरा बिचकायला होतं. पण ‘अबाइड’ हे क्रियापद फार जुनं आहे. वाट पाहणं, थांबणं, राहणं हे त्याचे मूळचे अर्थ. राहत्या घराला ‘अबोड’ म्हणतात तेही त्याच घराण्यातलं. नियमाशी थांबला तो कायदा पाळणारा; आणि मनात मुक्कामाला आली, उठायचं नाव घेत नाही, ती अबायडिंग भावना. गंमत म्हणजे हेच क्रियापद नकारात घातलं की ‘त्याचं तोंड पाहवत नाही’ इतका तिटकारा बोलून दाखवता येतो.

कालच जडलेल्या प्रेमाला मात्र हे विशेषण लावून चालत नाही. भरतमुनींनी आठ स्थायीभाव सांगितले, पण त्यांचं स्थायीपण वेगळं. रती असो वा क्रोध, तेहतीस व्यभिचारी भावांच्या ये-जा करण्यात तो ठाण मांडून बसतो; रात्रभराच्या नाटकापुरता असला तरी स्थायीच. इंग्रजी शब्दाला कॅलेंडर लागतं. भडकलेला राग त्याला चालत नाही, वर्षानुवर्षं धरलेला डूख चालतो.

या क्रियापदाला सगळ्यात लांब नेलं ते एका प्रार्थनागीताने. हेन्री फ्रान्सिस लाइट हा इंग्लंडमधल्या ब्रिक्सम या मासेमारीच्या गावातला पाद्री. क्षयाने खंगलेला हा माणूस १८४७च्या नोव्हेंबरात, आज फ्रान्समध्ये असलेल्या नीसला वारला. ‘अबाइड विथ मी’ हे त्याचं गीत. विल्यम हेन्री मंकने १८६१ साली दिलेल्या चालीवर ते जगभर गेलं. १९२७पासून एफए कपच्या अंतिम सामन्याआधी ते गायलं जातं. एरवी चर्चची पायरी न चढणारी माणसंही स्टेडियममध्ये उभी राहून, सूर सोडून का होईना, ते गातात.

आपल्याकडे ते गांधीजींचं आवडतं होतं, आणि २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये वाजायचं. २०२२ साली ते वगळलं, तेव्हा गोऱ्यांचं की गांधीजींचं असा वाद रंगला. त्या वादात एक साधी गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. विजय चौकात त्या गीताचे शब्द नसायचेच. आधी बँडची संथ चाल, मग लांबून घंटांचे टोल. टीव्हीसमोर बसलेल्या किती घरांत ‘अबाइड’चा अर्थ ठाऊक असेल? मला तरी शब्द कळायच्या कितीतरी आधी ती चाल ऐकून गलबलायचं.

त्याच्या जागी एखादं जोशाचं संचलनगीत सहज बसवता आलं असतं. बसवलं ते ‘ऐ मेरे वतन के लोगों’. बासष्टच्या युद्धानंतर, १९६३च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी गायलेलं, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या चितळकर अण्णांची. तेही परत न आलेल्यांसाठीच आहे.