शंभर पिंपें

शेअरांच्या निर्देशांकाचे दोनचार वायदे मीं करून पाहिले होते. थोडें मिळालें, थोडें गेलें. प्रकृतीवर परिणाम झाला नाहीं. पण निर्देशांक म्हणजे नुसता आकडा. त्यापेक्षां खनिज तेल कसें भरींव वाटतें! एका सौद्यांत शंभर पिंपें. २० एप्रिल २०२० रोजीं, टाळेबंदीच्या दिवसांत, तीं मीं हजार रुपये भावानें घेतलीं.

"याहून स्वस्त तें काय होणार? फार तर शून्य," असें मीं पत्नीस समजावलें.

"आणि त्याच्याहि खालीं गेलें तर?"

मी हंसलों. व्यवहारज्ञान नसलेल्या माणसाला हंसावें तसा हंसलों, हें आतां कबूल करतों.

टाळेबंदीमुळें आमचा बाजार सायंकाळीं पांचलाच मिटला. त्या रात्रीं अमेरिकेंत माल ठेवावयास जागा उरली नाहीं. ज्यांच्या अंगावर तेल येणार होतें ते तें घेणाऱ्यालाच वर पैसे देऊं लागले. न्यूयॉर्कचा भाव उणें ३७.६३ डॉलरवर ठरला. आमच्या वायद्याचा हिशेब त्याच भावाशीं बांधलेला. तो झाला उणें २,८८४ रुपये. बंद बाजारांत विकणार कोणाला? माझे ३,८८,४०० रुपये गेले. अनामत त्यांत बुडालीच; उरलेल्यासाठीं मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली.

पत्नी रागावली नाहीं. पावती नीट घडी करून ठेवतांना तिनें एवढेंच विचारलें, "अहो, तीं पिंपें आतां कोठें आहेत?"

"तीं येणारच नव्हतीं. नुसता भावाचा फरक द्यावयाचा होता."

"म्हणजे तोहि आंकडाच," ती म्हणाली.