गळ आणि भूक

कॅनडातील पर्वतराजीत उगम पावून, पुढे वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन राज्यांची सरहद्द आखीत, सुमारे 2,000 किलोमीटरांचा प्रवास करून पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या कोलंबिया नदीच्या मुखाशी ऑगस्ट सरता सरता चिनूक जातीच्या सॅमन माशांची जी चढण सुरू होते, तिच्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट त्या माशांची संख्या नव्हे, त्यांचे आकारमान नव्हे, किंवा वर्षानुवर्षे समुद्रात काढूनही आपल्या जन्माच्या ओढ्याचा गंध न विसरणारी त्यांची स्मृतीही नव्हे. ती ही, की गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा अन्न वर्ज्य करतो. त्याचे जठर आक्रसत जाते, अंगावरची चरबी हीच त्याची शिदोरी होते, आणि तेवढ्या शिदोरीवर प्रवाहाविरुद्ध चढून, वंशाची तजवीज करून तो मरतो. त्याच सुमारास नदीत येणारा स्टीलहेड, म्हणजे साहेबाच्या अमदानीत काश्मीरच्या नद्यांत आणून सोडलेल्या रेनबो ट्राउटचाच समुद्र पाहून आलेला भाऊबंद, अंडी घातल्यावर मरेलच असे नाही. पण तोही पुढल्या वसंतापर्यंतचे महिने जवळजवळ निराहारच काढतो.

असे असता तो गळाला लागतो कसा?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत मीनाची गणना केली ती जिव्हालौल्याचा दृष्टांत म्हणून. नाथांनी आपल्या टीकेत तो प्राकृत जनांपर्यंत पोहोचवला, आणि गळाला लागलेला मासा म्हणजे लोभाने फसलेला जीव हा निवाडा आपण कायमचा करून टाकला. कोलंबियाच्या काठी तो टिकत नाही. उपाशी असूनही ज्याला भूक नाही, अशा प्राण्याला आमिष ते कसले दाखवणार? तेथील जाणते गरवणारे यावर तास तास वाद घालतात. कोणी म्हणतो, बालपणी ओढ्यात कीटक टिपण्याची जी सवय होती तिची ही पुसट आठवण; कोणी म्हणतो, पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोरून जाणाऱ्या वस्तूचा हा संताप; आणि कोणी म्हणतो, हे निव्वळ कुतूहल आहे, कारण माशाला हात नाहीत, तेव्हा एखादी वस्तू पारखायची तर ती त्याला तोंडातच घ्यावी लागते. मला हा शेवटला तर्क सर्वांत पटतो. तो सर्वांत करुण आहे म्हणूनही कदाचित पटत असेल.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त पोर्टलंडजवळ स्थायिक झाला असून त्याला या स्टीलहेडचे व्यसन जडले आहे. त्याच्या आग्रहावरून एका ऑक्टोबरात मी डेशूट्स या उपनदीच्या काठी जाऊन बसलो. दोन्ही बाजूंना काळ्या बेसाल्टचे कडे, दख्खनच्या माणसाला ते परके वाटू नयेत असे, कारण तोही मुलूख आपल्यासारखाच लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. या नदीत नावेतून गळ टाकण्यास मनाई आहे, म्हणून कमरेइतक्या थंड पाण्यात पाय रोवून उभे राहायचे. आणि तेही शक्यतो ऊन पाण्यावर उतरण्यापूर्वी. दोन्ही हातांनी पेलायची लांब काठी, दोरीच्या टोकाला पिसे गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पैलतीराकडे तिरपी फेकली की प्रवाह तिला कमानीत फिरवीत आपल्या काठाशी आणून सोडतो, मग एक पाऊल खाली सरकायचे आणि पुन्हा तेच. "मामा, यात करण्यासारखं फार नाही, न करण्यासारखंच पुष्कळ आहे," भाचा म्हणाला, आणि ते खरे होते, कारण दोरी एकाएकी ताठ झाली तेव्हाही त्याने काठी झटकन उचलली नाही, माशाला वळू दिले.

बऱ्याच झटापटीनंतर मासा उथळ पाण्यात आला. भाच्याने हात आधी भिजवून घेतले, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही, आणि सर्वांत प्रथम पाहिले ते त्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक लहानसा मांसल पर आहे की नाही हे. पर शाबूत होता. सरकारी केंद्रात उबवलेल्या पिल्लांचा हा पर बालपणीच छाटतात, आणि घरी नेण्याची मुभा आहे ती अशा छाटलेल्या माशांचीच. म्हणजे जो अव्यंग जन्मला त्याला अभय, आणि ज्याची दफ्तरी नोंद झाली त्याला सुरी. काटा नसलेला गळ एका हिसक्यात निघाला. शेपटीचे मूळ हलकेच धरून, तोंड प्रवाहाकडे करून भाचा त्याला सावरीत राहिला. कल्ले दोन-चार वेळा उघडमीट झाले आणि हातात नुसते पाणी उरले.

हे पाहताना मनात आले, की या दोरीच्या एका टोकाला भूक नाही आणि दुसऱ्या टोकालाही नाही. भाच्याच्या पिशवीत दुपारची पोळी-भाजी होती. याला मी क्रौर्य म्हणणार नाही. पण निरुपद्रवी क्रीडा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

खरी भूक ज्यांची होती ते लोक त्याच पाण्यावर थोडे खाली असत. डेशूट्स कोलंबियाला मिळते तेथून जवळच सेलायलो नावाचा धबधबा होता. हजारो वर्षे तेथे लाकडी माचांवर उभे राहून, लांब दांड्यांच्या जाळ्यांनी, उसळत्या पाण्यातून सॅमन टिपले जात, आणि दूरदूरच्या जमाती व्यापारासाठी तेथे जमत. 1855 च्या तहनाम्यांत याकमा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी आपला अफाट मुलूख सरकारच्या स्वाधीन केला, परंतु वहिवाटीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे मिटले आणि काही तासांत सेलायलो बुडाला. नुकसानभरपाई दिली गेली, तहनाम्याचा कागदही शाबूत राहिला. वहिवाटीची जागा मात्र पाण्याखाली गेली. कोलंबियावरच्या धरणांचा महिमा गाण्यासाठी सरकारी वीजखात्याने 1941 साली वुडी गथ्री या गायकाला महिनाभराच्या पगारावर ठेवले होते, आणि त्या पगारी शाहिराने 26 गाणी रचून दिली, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. गाणी चांगली आहेत, हा त्याचा दोष नव्हे.

1938 साली पुऱ्या झालेल्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवलेली आहे, आणि त्या वाटेवर काचेच्या खिडकीआड बसून मोजणारे कारकून वर जाणाऱ्या प्रत्येक माशाची जातवार शिरगणती करतात. स्टीलहेडचा पर छाटलेला की अखंड, याचेही रकाने वेगळे. 1942 च्या ग्रँड कूली धरणाला अशी वाटच नाही, म्हणून त्याच्या वरच्या शेकडो किलोमीटरांचा रकानाही नाही.

बॉनव्हिलच्या थोडे वर, कॅस्केड लॉक्स गावी, शरदात या जमातींचे लोक बर्फाच्या पेट्या मांडून स्वतः धरलेले मासे विकतात. परतताना आम्ही तेथे थांबलो. पेटीमागच्या बाईंनी एका चिनूकचे कल्ले उचलून आतला लालभडक रंग दाखवला, आणि मासा कापडावर ठेवून, तो कसा शिजवणार म्हणून विचारले. मी हळद, तिखट, आमसूल असा पाठ सुरू केला. आमसूल काही केल्या समजावता येईना. "मीठ पुरतं," त्या म्हणाल्या, सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले, आणि मागच्या गिऱ्हाइकाला किती हवेत ते विचारू लागल्या.