आधी पाणी कोणतं ते सांगा

“ताई, झाड सुकतंय. काय टाकू?”

राहुरीत आम्ही कुंड्या-परसबागवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट सुरू केला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक प्रश्न असाच यायचा. सोबत एक फोटो, तोही भर उन्हात वरून काढलेला. पाच मिनिटांत उत्तरं सुरू व्हायची. कोणी एप्सम सॉल्ट सांगायचं, कोणी कांद्याच्या सालीचं पाणी, कोणी आंबट ताक, आणि शेतकरी घरातलं कोणी हमखास ‘एकोणीस-एकोणीस’ खताची चिमूट. सांगणाऱ्या प्रत्येकाला मनापासून मदत करायची असायची. विचारणारी बाई त्यातलं दोन-तीन एकदम टाकून मोकळी व्हायची. पुढे त्या झाडाचं काय झालं, ते गटावर कुणालाच कळायचं नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर या गटाची राखण माझ्याकडे आली आणि सगळ्यात आधी डोक्यात आलं ते हे, की उत्तरांची इथे कमतरता नाही. राहुरीत तर मुळीच नाही. १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आमच्या दाराशी आहे. डाळिंबाचा ‘भगवा’ इथला, लिंबाचा ‘साई सरबती’ इथला. विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ इथल्या कित्येक घरांत दर वर्षी येते. २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे, फोन केला की माणूस बोलतो. अडत होतं ते विचारण्यात. शेतकरी एकराच्या पिकाबद्दल विचारतो तेव्हा जमीन, वाण, लागवडीची तारीख, शेवटचं पाणी हे सगळं न विचारता सांगतो. घरातल्या कुंडीबद्दल विचारताना तोच माणूस फक्त “पानं पिवळी पडलीत” एवढंच म्हणतो.

म्हणून आम्ही प्रश्नाचीच घडी बसवायला घेतली. गटाच्या माहितीत एक छोटी यादी लिहिली. झाडाचं नाव देवनागरीत. फोटो तीन: पूर्ण झाड कुंडीसह, पानाची खालची बाजू आणि मातीचा वरचा थर. पिवळी पडलीत ती नवी पानं की जुनी. कुंडीला भोक आहे का. ऊन किती वेळ. गेल्या महिन्यात काय काय टाकलं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: पाणी कोणतं, बोअरचं, कालव्याचं, नळाचं की फिल्टरचं.

हा पाण्याचा प्रश्न परगावच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. इथे तो निम्मं निदान करून देतो. आमच्याकडची काळी माती चुनखडीची, तिचा सामू आठच्या पुढे. त्यात बोअरचं जड, क्षारांचं पाणी रोज पडत राहिलं की सामू खाली यायचं नावच घेत नाही. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग जास्वंद, लिंबू, गुलाब, मोगरा यांची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. नत्र कमी पडलं तर उलटं होतं, आधी खालची जुनी पानं संपूर्ण पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि एप्सम सॉल्टचा उपयोग तिथे. केवड्याच्या झाडाला किलोभर एप्सम सॉल्ट घातलं तरी लोहाची तूट भरत नाही. एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही, फोटो बरोबर लागतो आणि पाणी कोणतं ते लागतं.

देवळाली प्रवऱ्याच्या एका काकूंचं लिंबाचं झाड मला नेहमी आठवतं. मोठ्या पिंपात लावलेलं, शेंडा पार पोपटी-पिवळा. गटावर शेणखताचा आग्रह धरणारे होते, ताकाचे होते. यादीप्रमाणे काकूंनी पाणी लिहिलं: फिल्टरचं. शुद्ध पाणी दिल्यावर केवडा का यावा, म्हणून सगळे बुचकळ्यात पडले. विचारता विचारता उलगडलं, की काकू फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडाला घालत होत्या. पाण्याची नासाडी त्यांच्या जिवाला लागायची, आणि आमच्या अवर्षणी भागात ते अगदी बरोबरच आहे. पण आरओ यंत्र क्षार गाळून जे पाणी बाहेर टाकतं, त्यात मूळ पाण्यापेक्षाही क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला, मोरी धुवायला वापरायचं. काकूंनी हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, त्यात थोडं लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारलं. नवी पालवी हिरवी आली. उन्हाळ्यात केवडा पुन्हा डोकावला, कारण पिंपातली माती तीच होती. मग त्यांनी वरची चार बोटं माती काढून चांगलं कुजलेलं शेणखत भरलं, आणि मुलाच्या खोलीतल्या एसीचं पाणी लिंबाला राखून ठेवायला सुरुवात केली. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. पावसाळ्यात त्या आता पत्र्याखाली पिंप लावतात.

ही हकिगत मला एवढी तपशिलाने माहीत आहे, कारण गटाचा दुसरा नियम. सल्ला घेतला, तर पंधरा दिवसांनी त्याच निरोपाला उत्तर देऊन पुढे काय झालं ते सांगायचं. झाड सुधारलं तरी, मेलं तरी. माझ्या मते या गटात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे. सुरुवातीला लोक टाळायचे. झाड मेल्याचं लिहायला संकोच वाटायचा, ज्यानं सल्ला दिला त्याला वाईट वाटेल म्हणून. मी फोन करकरून विचारायची. हळूहळू अंगवळणी पडलं. कृषी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी महिन्याकाठी हे प्रश्न, सल्ला आणि शेवट एका वहीत उतरवते आणि वहीच्या पानांचे फोटो गटावर टाकते. ज्याचा शेवट कळला नाही, तो सल्ला वहीत जात नाही. ताक किती जणांना लागू पडलं आणि कुणाच्या लहान कुंडीत त्यानं नुसता आंबूस वास आणि बुरशी आणली, हे आता वादाने नव्हे, वहीनं ठरतं.

झाडाचं नाव देवनागरीत लिहायचा आग्रह जुने सल्ले शोधता यावेत यासाठीच. जास्वंद हा शब्द इंग्रजी अक्षरांत जो तो आपापल्या पद्धतीनं लिहितो, आणि सहा महिन्यांनी शोधायला गेलं की काहीच हाती लागत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलून पाठवायचं, कोणीतरी दुसरं ते लिहून काढतं. बारागाव नांदूरच्या एक आजी तशाच बोलून पाठवतात. त्यांचा मोगरा चैत्रात असा फुलतो, की गल्लीत शिरताना कळतं. त्या काय करतात, हे कुणी आधी विचारलंच नव्हतं. थंडीत पाणी तोडायचं, पानं सुकल्यासारखी होऊ द्यायची, मग छाटणी, खत आणि भरपूर पाणी. डाळिंबाचा बहार धरणारा प्रत्येक शेतकरी असाच ताण देतो. आजी म्हणाल्या, “डाळिंबाला चालतंय, मग मोगऱ्यानं काय घोडं मारलंय?” घरात डाळिंबाची बाग असलेल्या कितीतरी बायका वर्षभर मोगऱ्याला रोज पाणी घालत होत्या.

आजींचं ऐकून घेतलं जावं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम करावी लागली. गटात विद्यापीठातले दोन-तीन जाणकार आहेत. ‘सरांनी’ काही लिहिलं की बाकीचे गप्प. पुढे कोणी बोलत नाही, आणि ज्याच्या घरी तेच झाड तसंच पिवळं पडून सावरलं, त्याचा अनुभव आतच राहतो. मी त्या सरांशी बोलले. त्यांनी आनंदानं मान्य केलं, की त्यांनी रात्री नऊनंतर लिहायचं. दिवसभर ज्यांच्याकडे ते झाड आहे त्यांनी बोलायचं. सर शेवटी दुरुस्त करतात किंवा नुसतं ‘बरोबर’ म्हणतात. ते ‘बरोबर’ मिळालं की लोकांचा हुरूप बघावा. फक्त विषारी औषधाचा सल्ला आला, तर त्यांनी नऊची वाट बघायची नाही.

औषधांबद्दल मी कठोर आहे आणि राहणार. शेतकरी घरात गोठ्याच्या कोपऱ्यात अर्धी उरलेली बाटली असतेच. गुलाबावर मावा दिसला की तीच उचलली जाते. शेतातला सल्ला पंधरा लिटरच्या पंपाच्या मापानं असतो, आणि घरात असते एक लिटरची फवारणीची बाटली. पंपाला तीस मिली म्हणजे लिटरला दोन मिली, हा हिशोब कोणी करत नाही. झाकणभर ओतलं जातं. खिडकीत गुलाब, खाली पाळण्यात बाळ, शेजारी कढीपत्ता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते उघड्या रानात. म्हणून आमच्याकडे माप सांगायचं ते लिटरला. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल, तर ते औषध गटावर सुचवायचंच नाही. खाण्याच्या झाडाला तर कुठलंच नाही. मावा, पिठ्या ढेकूण यांना आधी पाण्याची जोराची धार, मग साबणाचं पाणी, मग पन्नास ग्रॅम निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून काढलेला अर्क. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर ती पिठ्या ढेकणाच्या चिकट गोडाव्यासाठी असते. मुंग्या त्याची राखण करतात, तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद करायची. यात वेळ जातो. जाऊ दे.

तुळशीचा प्रश्न मात्र यादीत मावत नाही. थंडीत दर आठवड्याला कोणीतरी लिहितं की तुळस वाळली, आणि त्या लिहिण्यात भीती असते. घरात काही वाईट होणार का, असं एका नव्या सुनेनं मला रात्री वेगळा निरोप पाठवून विचारलं होतं. सासूबाईंनी तिलाच बोल लावला होता. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. वृंदावन सिमेंटचं, सुरेख, खाली भोक नाही. आत शेतातली काळी माती ठासून भरलेली. रोज सकाळी तांब्याभर पाणी, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं. चिकण काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यात हवा राहत नाही, मुळं कुजतात. त्यात कार्तिकात मंजिऱ्यांनी लगडलेली तुळस बी धरते आणि थकते, आणि आमच्याकडे पौषात काही रात्री पारा दहाच्या खाली जातो. मी सासूबाईंना कुंडीची माती हातात घेऊन दाखवली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “ही तर सडलीये.” सुनेला पुढे कोणी काही बोललं नाही. मुलानं ड्रिलनं वृंदावनाला खाली भोकं पाडली, मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं. पूजेला आता पळीभर पाणी पडतं, बाकीचं अंगणातल्या पारिजातकाला जातं. वहीत आम्ही तुळशीचं एक वेगळं पान केलं आहे: मंजिऱ्या खुडत राहा, थोड्या राखून दर वर्षी शेजारच्या कुंडीत बी टाका, तुळस दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि त्यात कुणाचाही दोष नसतो.

गट मोठा करा, असा आग्रह अधूनमधून होतो. व्हॉट्सअ‍ॅप आता एका गटात १०२४ माणसं घेऊ देतं. मोठ्या गटांचं बळ मला ठाऊक आहे. आष्ट्याच्या डॉ. अंकुश चोरमुले यांच्या ‘होय आम्ही शेतकरी’ समूहानं महाराष्ट्रभरचे शेतकरी जोडले. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा तिची उसावरची नोंद चोरमुले आणि सहकाऱ्यांनीच २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. नवी कीड शोधायला राज्यभरचे डोळे हवेतच. पण कुंडीतली जास्वंद पिवळी का पडली, हे सांगायला तेच पाणी पिणारा आणि तीच माती चाळणारा शेजारी हवा. आम्ही राहुरी, राहुरी फॅक्टरी, विद्यापीठ वसाहत, देवळाली आणि बारागाव नांदूर एवढ्यावर थांबलो. एवढ्या अंतरात जूनमध्ये एका रविवारी सगळे जमून काड्यांची देवघेवही करता येते, आणि ज्यांचे सल्ले वर्षभर वाचले ती माणसं समोर दिसतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीनं रत्नागिरीहून गटात घ्यायची गळ घातली. मी तिला घेतलं नाही, यादी पाठवली. तिनं तिकडे मैत्रिणींचा स्वतःचा गट केला आणि यादी आपल्या हिशोबानं फिरवली. जांभ्याची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी, त्यामुळे पाणी कोणतं हा प्रश्न तिनं खाली नेला. वर आणलं ते असं: कुंडी पागोळीखाली आहे का, पाऊस थेट पडतो का, आणि खालची भोकं शेवटची कधी मोकळी केली.