आईच्या वयाची झाले तेव्हा

माझी आई गेली ४६ व्या वर्षी. यंदा मलाही ४६ पूर्ण झाली. खरं सांगते, लोणचं घालायचं म्हटलं की मनात येई, ते मुरेपर्यंत आपण असू ना? कुणाला बोलले मात्र नाही.

परवा सिंदखेडराजाला गेले. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाऊ जन्मल्या. लेकाचा राज्याभिषेक बघायला त्यांना १६७४ साल उजाडलं. अन् पुढं दोन आठवड्यांच्या आत त्या गेल्याच की! पण तोवर पाहायचं ते पाहून झालं होतं.

मग आपणच आईची वर्षं मोजत का बसावं? येताना पाच किलो कैऱ्या घेतल्या.

“एवढं कुणाला गं?” सासूबाईंनी विचारलं.

“पुढच्या वर्षाला,” म्हटलं, अन् मोठी बरणी काढली.